अंगी लागेल तोच खुराक

आपल्याकडे पोरगं तालमीत जायला लागलं की घरात पहिला विषय निघतो तो खुराकाचा. पूर्वी हा विषय दूध, तूप, बदाम आणि थंडाईवर मिटायचा. आता तालमीच्या शेजारी वेटलिफ्टिंगची व्यायामशाळा उभी राहिली आहे आणि खुराकाच्या जागी डबा आला आहे. दोन-तीन हजार रुपयांचा, वर पिळदार दंडाचं चित्र असलेला पावडरीचा डबा. डेअरीतून दुधाचं बिल आलं की त्यातला एक हिस्सा या डब्याला जातो. घरात काटकसर होते, पण डबा चुकत नाही.

आणि पोराची अवस्था काय? सकाळी पोट फुगलेलं, दुपारी करपट ढेकर, संध्याकाळी बार छातीवर घेतला की आंबट पाणी घशाशी. मग कुणीतरी सांगतं, दुसऱ्या कंपनीचा डबा घे. कुणी सांगतं, कच्ची अंडी पी. कुणी सांगतं, डाळी बंद कर, गॅस होतो. सल्ले देणारे दहा, पण पोट एकच.

माझं म्हणणं सरळ आहे. वेटलिफ्टरला लागणारी प्रथिने शेतकऱ्याच्या शेतात आणि गोठ्यात तयार होतात. ती कशी शिजवायची, कशाच्या जोडीला खायची आणि सरावाच्या किती आधी-नंतर खायची, एवढं जमलं तर बहुतेक पोरापोरींना डब्याची गरज पडत नाही. किती खाल्लं हे सगळेच मोजतात. अंगी किती लागलं, हे मोजायला घरानं आणि गावानंही शिकलं पाहिजे.

हा खेळ आता आपला आहे

कुणी म्हणेल, वेटलिफ्टिंगचा आणि शेतीच्या पानाचा काय संबंध? संबंध आहे. कुरुंदवाडसारख्या छोट्या गावातले गणेश माळी आणि ओंकार ओतारी यांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदके आणली. २०२२ च्या मे महिन्यात मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुड हिने ग्रीसमध्ये ४५ किलो गटात ज्युनिअर जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय. त्याच वर्षी सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक जिंकले. त्याच्या वडिलांची सांगलीत पानाची टपरी.

संकेतने एकूण २४८ किलो उचलले आणि सुवर्ण गेले २४९ ला. त्या दिवशी नडले ते दुखावलेले कोपर, पोट नव्हे. पण या खेळात एका किलोला काय मोल आहे, ते यावरून कळावे. जिथे एक किलो पदकाचा रंग बदलतो, तिथे पोट जड होऊन वाया गेलेला एक प्रयत्न किती महाग पडेल, याचा विचार करा.

किती लागतं, आणि ते कुठून येतं?

आधी हिशेब. साध्या निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने पुरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत हा आकडा ०.८३ ग्रॅम आहे. वजन उचलणाऱ्या खेळाडूला जास्त लागतात, दर किलोमागे साधारण १.२ ते २ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या पोराला १.६ च्या हिशेबाने दिवसाला ९६ ग्रॅम.

आकडा मोठा वाटतो ना? आता घरातच बेरीज करू. ज्वारी, बाजरी, गहू मिळून दिवसाला साडेतीनशे ग्रॅम धान्य पोटात जाते, त्यातून ३५ ग्रॅम. डाळ आणि उसळ मिळून कोरडे वजन शंभर ग्रॅम, त्यातून २२. अर्धा लिटर गाईचे दूध किंवा तेवढ्याचे दही, त्यातून १६. दोन अंडी, १२. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, १२. झाले ९७. अंडे न खाणाऱ्याने त्या जागी पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात, हिशेब तोच राहतो.

या यादीत परदेशी काय आहे? काहीच नाही. मग अडतं कुठे? अडतं ते दोन ठिकाणी. तूर आणि हरभरा निघाला की सगळी पोती बाजार समितीत जातात, घरात राहते ती पायली-दोन पायली. दूध डेअरीत जाते, घरात राहते ते चहापुरते. माल विकलाच पाहिजे, त्याशिवाय संसार चालत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या घरातलं पोरगं रोज शंभर किलोचा बार डोक्यावर नेतं, त्या घरानं दूध विकून त्याच पैशात दुधाचीच पावडर विकत आणावी, हा व्यवहार कुठला? डब्यातली ‘व्हे’ पावडर म्हणजे चीज करताना दुधातून सुटणारी निवळी, गाळून वाळवलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

पिकाला हप्ते, तसे पोटाला

उसाला वर्षाचा सगळा युरिया एकाच दिवशी कुणी टाकत नाही. टाकला तर बराच वाहून जातो आणि पिकाला चटका बसतो तो वेगळाच. प्रथिनांचंही काहीसं तसंच. रात्री एकदम अर्धा किलो चिकन खाल्लं तर ते सगळं वाया जातं असं नाही, पोट ते हळूहळू पचवतं. पण स्नायूची झीज भरून काढण्यासाठी दिवसातून चार वेळा वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळाली तर त्याचा उपयोग चांगला होतो आणि पोटही हलकं राहतं.

पोटात काय घडतं ते थोडक्यात सांगतो. प्रथिनांचे पचन जठरातल्या आम्लात सुरू होते आणि लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या पाचक रसांनी पुरे होते. जे तिथे पचत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जंतू ते कुजवतात. घाणेरडा वास येणारा गॅस तिथलाच. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. तेलातुपाचे जेवण तर तीन-चार तासही रेंगाळते.

आता वेटलिफ्टिंगची गोष्ट इतर खेळांहून निराळी का, ते बघा. बार उचलताना खेळाडू श्वास कोंडून पोट घट्ट करतो. कमरेवर पट्टा असतो. पोटातला दाब एकदम वाढतो आणि जठरात जे असेल ते वर ढकलले जाते. म्हणून या खेळाडूंना छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास धावपटूंपेक्षा जास्त होतो. यावर गोळी खाण्याआधी घड्याळ बघा. भरपेट जेवण आणि सराव यांत तीन तासांचे अंतर हवे. शेवटच्या तासात फार तर एखादं केळं. तेलाचा तवंग असलेली मिसळ खाऊन कुणी स्नॅच मारायला गेला तर दोष मिसळीचा नाही, वेळेचा आहे.

कडधान्याला बदनाम करू नका

‘उसळ खाल्ली की गॅस होतो, म्हणून बंद केली.’ हे वाक्य प्रत्येक व्यायामशाळेत ऐकू येतं. गॅस होतो हे खरं आहे, पण त्याचं कारण प्रथिने नाहीत. हरभरा, वाल, मटकी, चवळी यांत काही अशा साखरा असतात की त्या फोडणारा पाचक रस माणसाच्या आतड्यात नसतोच. त्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि पोट फुगते. यावरचा उपाय आपल्या आया-आज्यांना ठाऊक होता. घाईत तो सुटला.

कडधान्य रात्रभर भिजवावे आणि ते पाणी टाकून द्यावे, कारण त्या साखरा काही प्रमाणात पाण्यात उतरतात. नंतर फडक्यात बांधून मोड आणावेत. मोड येताना दाणा स्वतःच त्या साखरा वापरतो. शिवाय लोह आणि जस्त अडकवून ठेवणारे फायटिक आम्लही कमी होते. मग चांगले मऊ शिजवावे. बोटाने दाबल्यावर दाणा पिठासारखा झाला पाहिजे.

कच्चे मोड मूठभर खाऊन सरावाला जाण्याची पद्धत आहे. मुगाचे थोडे मोड ठीक, पण तेही स्वच्छ पाण्यात वाढवलेले. हरभरा आणि सोयाबीन मात्र कच्चे खाऊ नयेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचवणाऱ्या रसालाच अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात. म्हणून सोयाबीन दळून पिठात मिसळायचे असेल तर आधी ते वीस-पंचवीस मिनिटे पाण्यात उकळावे, कडक वाळवावे आणि मगच गिरणीत न्यावे. नुसते कच्चे सोयाबीन गव्हात टाकून दळून आणले आणि पोट बिघडले, तर दोष पिकाचा नाही. राजमा तर अर्धकच्चा खाल्ला की उलट्या-जुलाब होतात, तो दणकून उकळलाच पाहिजे.

आणखी एक. ज्याला सवय नाही त्याने एकदम वाडगाभर उसळ खाऊ नये. आठवडाभर अर्धी वाटी, मग एक वाटी, असे वाढवत जावे. आतड्यातल्या जंतूंनाही नव्या चाऱ्याची सवय लागावी लागते. गाईचा चारा आपण एका दिवसात बदलत नाही, मग पोराचा का बदलतो? मुगाची डाळ पोटाला सर्वांत हलकी, सुरुवात तिथून करावी.

जोडी कशाची जमते?

ज्वारीच्या भाकरीत प्रथिने आहेत, पण त्यात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. डाळीत लायसिन भरपूर असते, पण गंधकयुक्त घटक कमी असतात. दोघे एका ताटात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. बैलजोडीत एक बैल उजवा, एक डावा, तसे. भाकरी-पिठलं, खिचडी, वरण-भात, थालीपीठ ही सगळी अशीच जमलेली जोडपी. एकाच घासात दोन्ही पाहिजेत असे नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेले तरी चालते. राष्ट्रीय पोषण संस्था धान्य, डाळ आणि दूध यांचे प्रमाण ३ : १ : २.५ असे सुचवते. म्हणजे तीन मुठी धान्याला एक मूठ डाळ. आपल्या घरात हे प्रमाण आहे का? आमटी इतकी पातळ असते की डाळ शोधावी लागते!

भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ही जोडी चवीला उत्तम, पण हिशेबाला अपुरी. लायसिन शेंगदाण्यातही कमीच असते. सोबत दह्याची वाटी किंवा डाळ हवी. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते, म्हणून ते सरावाच्या तोंडावर खाऊ नयेत. सकाळी किंवा सराव संपल्यावर गुळासोबत खावेत आणि नीट चावून खावेत. आणि शेंगा ओलसर कोंदट जागी साठवल्या तर बुरशी येते, तिचे विष यकृताला घातक असते. बुरसट, काळपट, कडू दाणा जनावरालाही घालू नका.

आता समजुतींबद्दल. ‘प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ एकत्र खाल्ले की दोन्ही पचत नाहीत’ असं सांगणारे हल्ली बरेच भेटतात. याला आधार नाही. जठर रिकामे होऊ लागले की स्वादुपिंड दोन्हींचे पाचक रस एकाच वेळी सोडते. तसं नसतं तर डाळ कुणालाच पचली नसती, कारण एका दाण्यातच प्रथिने आणि पिष्ट दोन्ही असतात. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होते, यालाही पुरावा नाही. घरात ती रीत पाळत असाल तर खुशाल पाळा, पण पोराला त्याची भीती घालू नका.

जी जोडी खरोखर बिघडवते तिकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. जेवणावर लगेच चहा! चहातले टॅनिन अन्नातले लोह बांधून टाकते. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले लोह मुळातच कमी शोषले जाते, त्यात वरून चहा. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. त्याउलट आमटीत लिंबू पिळले, सोबत पेरू किंवा आवळा खाल्ला तर लोह जास्त शोषले जाते. मुलींच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे. पोरगी वेटलिफ्टिंगला जाते आणि घरात शेवटी जेवते, उरलेली भाकरी आणि तळाची आमटी. अंगात रक्त नसेल तर बार कसा उठणार? पदक आल्यावर तिचा सत्कार करणाऱ्यांनी आधी तिचं ताट बघावं.

दूध, अंडी, मटण

दूध चांगलेच. पण मोठेपणी सर्वांना ते सारखे पचत नाही. दुधातली साखर फोडणारा रस अनेकांच्या आतड्यात वयाबरोबर कमी होतो. अशा पोराला लिटरभर दूध पाजले की पोट गुडगुडते, जुलाब होतात. मग घरचे म्हणतात, खुराक सोसत नाही. दूध सोसत नसेल तर दही द्या, ताक द्या. विरजणाचे जंतू ती साखर काही प्रमाणात आधीच संपवतात. प्रथिने तीच राहतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, ते सरावाच्या आधी नको, रात्री चालेल.

अंडं हा स्वस्त आणि उत्तम खुराक, पण शिजवलेला. कच्ची अंडी दुधात फेटून पिण्यात मर्दुमकी आहे असं तालमीत मानतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवले आहे की शिजवलेल्या अंड्यातले प्रथिन शेकडा नव्वदच्या आसपास पचते आणि कच्च्यातले शेकडा पन्नासच्या आसपास. म्हणजे चार कच्ची अंडी प्यायची आणि दोनाचाच फायदा घ्यायचा. वर कच्च्या अंड्यातून जुलाबाचे जंतू पोटात जाण्याचा धोका आहेच. उकडा आणि खा.

मटण-चिकन ज्यांच्या घरात चालते त्यांनी जरूर खावे, पण मऊ शिजवलेले आणि सोबत भाकरी, कांदा, भाजी घेऊन. नुसते मांस आणि पावडर यांवर राहणाऱ्या पोरांना बद्धकोष्ठ होते, कारण चोथाच पोटात जात नाही. आणि तांबडा रस्सा स्पर्धेच्या आदल्या रात्री नको. पदक घेऊन आल्यावर हवा तेवढा ओरपावा, कोण नाही म्हणतो?

डब्याविषयी दोन शब्द

पावडर म्हणजे विष नाही, हेही सांगितलं पाहिजे. चांगली पावडर लवकर पचते. घराबाहेर शिकणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या, दोन वेळ सराव करणाऱ्या मोठ्या खेळाडूला ती सोयीची असते. पण एका मापात असतात साधारण २४ ग्रॅम प्रथिने, म्हणजे चार अंडी किंवा शंभर ग्रॅम शेंगदाणे. डब्यात यापेक्षा निराळी जादू नाही.

पावडर घेऊन पोट बिघडण्याची कारणेही साधी आहेत. साध्या प्रतीच्या पावडरीत दुधाची साखर असते, ती पुन्हा दुधातच मिसळून प्यायली की मारा दुप्पट. दूध न सोसणाऱ्याचे पोट यानेच बिघडते. काही वड्यांत आणि पावडरींत गोडीसाठी असे पदार्थ घालतात की त्यांनीच गॅस होतो. दोन मापांच्या जागी चार मापे घेणारेही कमी नाहीत.

घ्यायचीच असेल तर डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा, पक्की पावती घ्या आणि सुट्टी पावडर कधीच घेऊ नका. भेसळीच्या डब्यातून उत्तेजक पोटात गेले आणि तपासणीत सापडले, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. आपल्या शरीरात काय सापडते याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. पोराची चार-पाच वर्षांची मेहनत एका डब्यापायी जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवूच नयेत.

वजन झाल्यावरचे दोन तास

स्पर्धेत खेळाडूंचे वजन सुरुवातीच्या दोन तास आधी घ्यायला सुरू होते आणि ते तासभर चालते. म्हणजे वजन दिल्यावर हातात तास-दोन तासच उरतात. गटात बसण्यासाठी काही पोरं आदल्या दिवसापासून उपाशी राहतात, पाणी तोडतात आणि काट्यावरून उतरली की समोर येईल ते खातात. वडापाव, दूध, उसळ, पेढे! पहिल्या प्रयत्नाला उभं राहायच्या वेळी ते सगळं जठरातच असतं. वर्षभर कमावलेलं त्या तासात घालवायचं, याला काय म्हणावं?

या तासात प्रथिनांची काळजी नको. ती त्या दिवशी ताकद देत नाहीत, ती महिनोन् महिने आधी खाल्लेली असतात. या वेळी लवकर पचणारे पिष्टमय पदार्थ आणि पाणी लागते. पिकलेले केळे, मीठ घालून मऊ भात, भाताची पेज, गूळ-मिठाचे पाणी, साधा पाव आणि जॅम. थोडे थोडे, घोट घोट. तूप, शेंगदाणे, कडधान्य, मिसळ, लिटरभर दूध हे सगळे स्पर्धेनंतर. आणि जो पदार्थ सरावात कधी खाल्ला नाही तो त्या दिवशी तोंडाला लावायचा नाही.

प्रशिक्षकांना एक विनंती. बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना वजन तोडायला लावू नका. वाढीचं वय आहे. वरच्या गटात खेळवा, एखादं पदक हुकलं तर हुकू द्या.

गावानं काय करावं?

सरपंच, सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या मंडळींना आता थोडं बोलायचं आहे. व्यायामशाळेला साहित्य मिळावं म्हणून आपण प्रस्ताव करतो, शासनाच्या व्यायामशाळा विकास अनुदानाच्या मागे लागतो. बार येतो, प्लेटा येतात, फोटो निघतो. पण त्याच व्यायामशाळेत प्यायला स्वच्छ पाणी असते का? हात धुवायला नळ आणि मुलींसाठी संडास असतो का? गावाकडच्या पोराचं पोट बिघडतं त्यात प्रथिनांपेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो. पोटात जंत असतील तर खाल्लेला खुराक जंतच खातात. शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देतात, ती आपल्या व्यायामशाळेतल्या प्रत्येक मुलाने घेतली का, एवढं विचारायला खर्च येत नाही.

शालेय पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरपासून राज्याने आठवड्यातून एक दिवस अंडे आणि अंडे न खाणाऱ्याला केळे द्यायला सुरुवात केली होती. २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठीचा निधी थांबवून तो भार लोकसहभागावर टाकला गेला. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता. खेळाडू अठराव्या वर्षी घडत नाही, आठव्या वर्षीच्या ताटात घडतो. पण शासनाला दोष देऊन हातावर हात ठेवून बसायचं का? जत्रेच्या वर्गणीतून कुस्त्यांचा फड भरवणारं गाव आठवड्याला एक अंडं देऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

आणखी एक सोपी गोष्ट. व्यायामशाळेत सराव संपला की प्रत्येकाला एक वाटी शिजवलेले मूग किंवा हरभरे आणि गुळाचा खडा मिळावा. धान्य ज्याच्या शेतात पिकतं त्याने सुगीला पायलीभर द्यावं, शिजवण्याचं काम गावातल्या बचत गटाला द्यावं, त्यांच्या मजुरीची तजवीज ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून करावी. सरावानंतर तासाभरात वाटीभर उसळ आणि घरी जाऊन मुगाची खिचडी, दह्याची वाटी. एवढ्यावर पोरगं झोपलं तर सकाळी हलकं उठतं.

आणि घरमालकाला शेवटचं. यंदा तूर निघेल तेव्हा पोती गाडीत चढवण्याआधी एक पोतं बाजूला काढून ठेवा.  धारेच्या वेळी डेअरीची किटली भरण्याआधी घरचं भांडं भरा. पोरानं डबा मागितला तर रागावू नका, त्याच्या शेजारी बसून वर दिलेली बेरीज त्यालाच करायला सांगा. ज्या दिवशी ती बेरीज त्याची त्याला जमेल, त्या दिवसापासून त्याला आपल्याच शेतातला खुराक अंगी लागायला लागेल.